मॅक्रो लेन्स पारखावी ती १:१ला नेऊनच

दुकानात मॅक्रो लेन्स (किडे, फुलं, दागिने अगदी जवळून टिपणारी) हातात आली की बहुतेक जण ठरलेलंच करतात. वजन तोलून बघतात, "दणकट दिसते" म्हणतात, कॅमेऱ्याला लावून रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस करतात, फोटो मोठा करून बघतात आणि पैसे मोजतात. साध्या ५० मिमीच्या लेन्ससाठी एवढी तपासणी चालून जाते. मॅक्रोसाठी ती जवळजवळ फुकट आहे, कारण लांबच्या पाटीवर फोकस करताना या लेन्सच्या आतलं काहीच ताणलं जात नाही. तिची बांधणी कळते ती अगदी जवळ, १:१ला नेल्यावर, म्हणजे विषय कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर त्याच्या खऱ्या मापाइतकाच उमटतो तिथे. तेव्हा बॅरल (लेन्सची नळी) पूर्ण बाहेर आलेली असते, भिंगांचे गट टोकाला गेलेले असतात, हूड (काचेपुढे लावायची सावलीची कडा) किड्याला टेकायच्या बेतात असतं आणि तुमच्या श्वासानंही फ्रेम हलत असते.

हा सगळा हिशेब मी नागपूर धरून मांडतोय. इथे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि मृग लागला की काही दिवसांत हवा दमट होते. मॅक्रोचे विषय मात्र घराजवळच मिळतात. सेमिनरी हिल्सची झाडी आहे, अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आहे, गोरेवाडा आहे, काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा आहेत आणि घराबाहेर पडायचं नसेल तर इतवारीच्या सराफ्यातले दागिने आहेत. लेन्सच्या बांधणीतलं काय कामाचं आणि काय नुसतं दिखाऊ, हे या विषयांवरून आणि या हवेवरूनच ठरवायचं.

पायरी १ : आधी अंतर मोजा, मग किंमत बघा

कंपनीच्या माहितीपत्रकात "किमान फोकस अंतर ३० सेमी" असं छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, किडा लेन्सपासून फूटभर लांब राहील. तसं नसतं. हे अंतर कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात. बॉडीच्या वरच्या बाजूला वर्तुळातून गेलेली एक छोटी रेघ असते, ती सेन्सरची जागा. त्या ३० सेमीत बॉडीतलं अंतरही आलं आणि लेन्सची लांबीही आली. तुमच्या वाट्याला उरतं ते लेन्सच्या तोंडापासून विषयापर्यंतचं अंतर, आणि कामाचं तेवढंच.

कॅननच्या २००९ सालच्या ईएफ १०० मिमी एफ/२.८एल मॅक्रोचा हिशेब करून पाहू. किमान फोकस ३०० मिमी. सेन्सरपासून माउंटपर्यंत (लेन्स बसते त्या कडीपर्यंत) ४४ मिमी. लेन्सची लांबी १२३ मिमी. उरले १३३ मिमी, म्हणजे साधारण वीतभरापेक्षा कमी. त्यावर ५ सेमीचं हूड चढवलंत तर ८ सेमीच राहिले. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठीची निकॉन झेड १०५ मिमी (२९० वजा १६ वजा १४०) आणि सोनीची एफई ९० मिमी (२८० वजा १८ वजा सुमारे १३०) याही याच घरात येतात. म्हणून ९० ते १०५ मिमीच्या लेन्समध्ये अंतरावरून फारसं डोकं लावू नका. तिथे निवड हाताळणीवर होते.

फरक पडतो तो ५०-६० मिमीच्या लेन्समध्ये. निकॉन झेड ५० मिमी मॅक्रो फक्त २६० ग्रॅमची आहे आणि खिशात मावते, पण १:१ला विषय तिच्या तोंडापासून जेमतेम ५-६ सेमीवर येतो. अंगठी, नाणं, पोस्टाचं तिकीट यांना त्याची तक्रार नसते. कोळी मात्र पळतो, आणि नाही पळाला तरी लेन्सची सावली त्याच्यावर पडते. दुसऱ्या टोकाला १५०-१८० मिमीच्या लेन्स २० सेमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंतर देतात, पण त्या जड असतात आणि ट्रायपॉडशिवाय त्यांचं फारसं जमत नाही.

विषयाचं माप आधी ठरवा. संत्र्यावरचं लिंबू फुलपाखरू पंख पसरून ८ ते १० सेमीचं असतं. त्याला १:१ कधीच लागत नाही, १:३ पुष्कळ झालं. उलट सिट्रस सायला हा संत्र्याचा कुप्रसिद्ध किडा ३-४ मिमीचा. फुल फ्रेम सेन्सरच्या (३६ × २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरच्या) ३६ मिमी रुंदीत १:१ला तो जेमतेम दहावा हिस्सा व्यापतो. ज्यांना शेतकऱ्यांना दाखवण्यासाठी किडीचे फोटो हवे आहेत त्यांनी २:१पर्यंत जाणारी लाओवा १०० मिमी किंवा १.४ पटीपर्यंत जाणारी कॅनन आरएफ १०० मिमी बघावी. नुसती फुलपाखरं टिपणाऱ्यानं त्या जास्तीच्या पटीसाठी पैसे का घालवावेत, हे मला कळलेलं नाही.

पायरी २ : पिशवीत काय न्यायचं

तुमचीच बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, मोकळं कार्ड, स्टीलची १५ सेमीची पट्टी, एक छोटा टॉर्च आणि १० रुपयांचं नाणं. दुकानाच्या बॉडीवर केलेली चाचणी अर्धवटच राहते, कारण तोल बॉडीनुसार बदलतो.

नाणं कशाला? त्याचा व्यास २७ मिमी आहे आणि फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी. लेन्स खरोखर १:१ला पोचत असेल तर नाण्याची वरची आणि खालची कड फ्रेमबाहेर जायलाच हवी. पूर्ण नाणं दिसलं तर तुमच्या हातात काहीतरी वेगळं आहे. बऱ्याच झूम लेन्सच्या अंगावर "मॅक्रो" छापलेलं असतं आणि त्या १:४च्या आसपासच थांबतात. जुन्या लेन्सपैकीही काही १:२लाच थांबतात. १९७९ची टॅमरॉन ९० मिमी एफ/२.५ तशीच होती, आणि निकॉनच्या ५५ मिमी मायक्रो-निकॉरला १:१साठी वेगळी एक्स्टेन्शन रिंग (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ कडी) लावावी लागते. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर नाण्यापेक्षा पट्टी बरी. निकॉन-सोनीच्या क्रॉप बॉडीवर १:१ला पट्टीचे सुमारे साडेतेवीस मिमी आडवे दिसतात, कॅननवर बावीसच्या थोडे वर.

पायरी ३ : अंगावरून हात फिरवा

धातू म्हणजे मजबूत आणि प्लास्टिक म्हणजे स्वस्त, हे गणित डोक्यातून काढून टाका. कॅननची वर सांगितलेली १०० मिमी महागड्या एल मालिकेतली असूनही बाहेरून बरीचशी इंजिनिअरिंग प्लास्टिकची आहे आणि वजन ६२५ ग्रॅम आहे. टॅमरॉनची २७२ई ही २००४ची ९० मिमी तर सुमारे ४०० ग्रॅमची, हातात घेतली की खेळण्यासारखी वाटते, तरी जुन्या बाजारात तिची मागणी टिकून आहे. दुसऱ्या बाजूला संपूर्ण धातूची लेन्स मे महिन्याच्या दुपारी उन्हात थोडा वेळ राहिली तर हात लावताना विचार करावा लागतो. शिवाय उष्णतेनं आतलं ग्रीस पातळ होतं आणि अपर्चरच्या (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर सरकतं. ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निकॉर ही लेन्स त्या दुखण्यासाठी प्रसिद्ध आहे.

मग बघायचं काय? पहिलं माउंट. ते धातूचंच हवं, कारण मॅक्रोवाला कधी फ्लॅश, कधी डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) असं काही ना काही पुढे लावणार आणि सगळा भार माउंटवर येणार. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. माउंटच्या कडेला रबराची पातळ कडी दिसली तर ती धूळ-ओल अडवण्यासाठी आहे. तिला चिरा नाहीत ना, ते बघा. ही कडी असली म्हणजे लेन्स पावसात धुऊन काढायची असा अर्थ होत नाही. ती शिंतोडे सोसते, तेही बॉडीला तशीच बांधणी असेल तर.

दुसरं, बॅरल. इथे दोन जाती आहेत. एक, फोकस करताना लांब होणारी. नुसती भिंगं पुढे सरकवून १:१ गाठायचं तर लेन्सला तिच्या फोकल लांबीइतकंच (नावातल्या मिमीच्या आकड्याइतकंच) पुढे यावं लागतं, म्हणूनच जुन्या लेन्स जवळ जाताना एवढ्या वाढतात. हे अंतर कमी करण्यासाठी नंतरच्या रचनांत भिंगांचे गट वेगवेगळे सरकवू लागले. दुसरी जात आतल्या आत फोकस करणारी. ती बाहेरून तेवढीच राहते आणि जवळ जाताना तिची फोकल लांबी कमी होत जाते. निकॉनची २००६ची व्हीआर १०५ मिमी, कॅननची १०० मिमी, टॅमरॉनच्या २०१२पासूनच्या ९० मिमी या सगळ्या या प्रकारातल्या.

लांब होणारी लेन्स वाईट नसते, पण तिची तपासणी कडक करायची. १:१ला नेऊन बॅरल पूर्ण बाहेर काढा. एका हातानं माउंटजवळ धरा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पुढचं टोक हळूच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. केसभर खेळ चालतो. टक् असा आवाज आला किंवा डोळ्यांना दिसेल एवढं टोक झुकलं तर ती ठेवून द्या. हे १:१लाच करायचं. बंद अवस्थेत ढिली लेन्ससुद्धा घट्ट वाटते. दुकानदार म्हणेलच, "भाऊ, कंपनीची आहे, काय पाहून राहिले एवढं?" हसून पुढची तपासणी सुरू करा.

मग लेन्स १:१ला तशीच ठेवून तोंड जमिनीकडे करा. आपल्या वजनानं बॅरल आणखी सरकतेय का? दागिने, नाणी, जुनी कागदपत्रं यांचे फोटो वरून खाली काढायचे असतील तर ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची. एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत फोकस आपोआप घसरणारी लेन्स त्या कामाला कुचकामाची.

पायरी ४ : फोकस रिंग

इथे वेळ घालवा. मॅक्रोची बाकी सगळी सोय-गैरसोय या एका रिंगेवर येऊन थांबते.

कारण असं आहे. १:१ला, फुल फ्रेमवर, अपर्चर एफ/८ ठेवून (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) फोकसमध्ये स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण १ मिमी जाडीची असते. एफ/२.८ला ती त्याच्या तिसऱ्या हिश्शावर येते. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर होतात. ही एक मिलिमीटरची पट्टी तुम्हाला हवी तिथे ठेवायची, आणि त्याला दोन मार्ग: रिंग फिरवणं किंवा अख्खा कॅमेरा पुढे-मागे डोलवणं. प्रत्यक्षात दोन्ही लागतं. रिंगेनं विषय किती मोठा दिसावा ते ठरवायचं आणि शरीर किंचित पुढे-मागे नेत बटण दाबायचं. ऑटोफोकसवर विसंबून १:१ला हातात धरून काम करणारे मी फार पाहिलेले नाहीत.

रिंग दोन तऱ्हेची असते. यांत्रिक रिंग थेट आतल्या आट्यांना फिरवते. ती किती अंशात फिरते हे बघा. अनंतापासून १:१पर्यंत ती नुसती चौथाई वळसा घेत असेल तर जवळच्या टोकाला बोटाच्या हलक्या धक्क्यानं फोकस उडून जाईल. अर्ध्या वळशाहून जास्त असेल तर बारीक काम करता येतं. संपूर्ण मॅन्युअल असलेल्या लाओवासारख्या लेन्सचा खरा फायदा हाच आहे. फिरवताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. मध्येच सैल, मध्येच जड लागली तर ग्रीस सुकलंय किंवा आत धूळ गेलीय. दिशा बदलताना रिंग फिरते पण फोकस क्षणभर हलत नाही, असं झालं तर आट्या झिजल्यात.

नव्या मिररलेस लेन्समध्ये रिंग बहुधा विजेवर चालते. तुम्ही रिंग फिरवता, ती कॅमेऱ्याला खुणावते आणि मोटर भिंगं हलवते. कॅमेरा बंद असताना ही रिंग कितीही फिरवा, काही होत नाही. दुकानात लोक इथेच घाबरतात. तिला टोकालाही थांबा नसतो. काही बॉडीत रिंग किती फिरवली की किती फोकस सरकावा, हे मेन्यूत ठरवता येतं. आपल्या बॉडीत ते आहे का ते आधी बघून ठेवा. चाचणी सोपी आहे. पट्टी तिरकी ठेवा, १:१ला जा, स्क्रीन मोठी करा आणि फोकस एका मिलिमीटरच्या रेघेवरून शेजारच्या रेघेवर न्या. सहज थांबता आलं तर रिंग चांगली. दरवेळी पुढे निघून जात असेल तर बागेत चिडचिड होणार हे नक्की.

सोनीच्या ९० मिमीत आणि टोकिनाच्या १०० मिमीत रिंग मागे-पुढे ओढून मॅन्युअल आणि ऑटोमध्ये जाता येतं. डोळा व्ह्यूफाइंडरला लावूनच बदल करता येतो, म्हणून मला ही सोय आवडते. गैरसोयही आहे. पिशवीतून लेन्स ओढून काढताना रिंग मागे सरकते आणि फुलपाखरू समोर असताना ऑटोफोकस का चालत नाही हे शोधण्यात वेळ जातो. घ्यायची असेल तर ती सरकताना ठोस खटका देतेय ना, हे बघा.

पायरी ५ : बगलेतली बटणं

फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते आखून देणारं बटण) नसलेली मॅक्रो लेन्स शक्यतो घेऊ नका. एकदा फोकस चुकला की लेन्स १:१पासून अनंतापर्यंत जाऊन परत येते, तेवढ्यात चतुर उडालेला असतो. कॅननच्या १०० मिमीत तीन टप्पे आहेत: पूर्ण, ०.५ मीटर ते अनंत, आणि ०.३ ते ०.५ मीटर. फुलपाखराला मधला, किड्याला शेवटचा. बटण अंधारात बोटानं ओळखू येतं का, पिशवीत घासून आपोआप सरकत नाही ना, एवढं बघितलं की पुरे.

स्टॅबिलायझेशनचं (हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीचं) बटण असतं म्हणून जास्त भरवसा ठेवू नका. दूरच्या फोटोत हात किंचित वळल्यानं चित्र हलतं. १:१ला हात नुसता बाजूला सरकला तरी हलतं, आणि ते सावरणं जास्त कठीण. कॅननने आपल्या १०० मिमीसाठी साध्या अंतरावर ४ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं) फायदा सांगितला होता, १:१ला तोच २ स्टॉपवर येतो.

निकॉनवाल्यांसाठी एक सूचना. व्हीआर १०५ मिमी १:१ला नेली की कॅमेरा एफ/२.८ऐवजी एफ/४.८ दाखवतो. लेन्समध्ये बिघाड नाही. जवळ जाताना सगळ्याच मॅक्रो लेन्सचा प्रकाश कमी होतो. निकॉन ते आकड्यात दाखवतं, कॅनन एफ/२.८च दाखवत राहतं. भिंगं नुसती पुढे सरकवणाऱ्या साध्या लेन्सचा हिशेब असा की १:१ला आकडा दुप्पट धरायचा. म्हणजे तुम्ही लावलेला एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२सारखा वागतो आणि डिफ्रॅक्शननं (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं) सगळंच मऊ होतं. एफ/८ ते एफ/११मध्येच राहिलेलं बरं.

पायरी ६ : तोल

लेन्स बॉडीला लावा, हूड चढवा, फ्लॅश वापरणार असाल तर तोही लावा. डावा तळवा लेन्सखाली, अंगठा आणि मधलं बोट रिंगेवर. बोटं रिंगेवर नैसर्गिक पडतात का? काही लेन्समध्ये रिंग इतकी पुढे असते की छोट्या हातांना ताणावं लागतं, काहींत ती इतकी मागे की बॉडीच्या पकडीत बोटं अडकतात. मग उकिडवे बसा. हो, दुकानातच. कोपर गुडघ्यावर टेकवून टेबलाच्या पायाचा फोटो घ्या. मॅक्रोचं बरंचसं काम या आसनात होतं आणि उभ्यानं हलकी वाटणारी लेन्स उकिडवं बसल्यावर दोन मिनिटांत मनगट दुखवते.

सिग्मा १०५ मिमी ७१५ ग्रॅमची, कॅनन आरएफ १०० मिमी ७३० ग्रॅमची. छोट्या क्रॉप मिररलेस बॉडीवर या तोंडघशी पडतात. ट्रायपॉड वापरणाऱ्यांनी तर लेन्सला कॉलर (ट्रायपॉडवर बसणारी, लेन्सभोवतीची कडी) लावता येते का, हे विचारावंच. कॉलर असली की भार मध्यावर येतो आणि आडव्याचं उभं करताना फ्रेम जागची हलत नाही. १:१ला ती हलली की किडाच फ्रेमबाहेर. कॅननच्या ईएफ १०० मिमीएलसाठी कॉलर वेगळी विकत मिळते.

लेन्सच्या पुढच्या टोकाला बसणारा रिंग किंवा ट्विन फ्लॅश वापरायचा असेल तर लांब होणाऱ्या लेन्सपासून दूर राहा. फ्लॅशचं सगळं वजन बाहेर आलेल्या नळीवर लटकतं आणि तो केसभर खेळ दोन-तीन वर्षांत हातभर होतो. फिल्टरचा व्यासही इथेच बघून घ्या: कॅननच्या एल लेन्सना ६७ मिमी, निकॉनच्या १०५ मिमी आणि सोनीच्या ९० मिमीला ६२ मिमी.

पायरी ७ : जुनी लेन्स असेल तर

कॅमेऱ्यापासून काढा, अपर्चर पूर्ण उघडं ठेवा आणि टॉर्चचा उजेड मागून तिरका टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे म्हणजे फंगस (बुरशी). धुक्यासारखा थर म्हणजे ग्रीसची वाफ किंवा ओल. चार-दोन धूलिकण सगळ्या लेन्समध्ये असतात, त्यावरून भाव पाडता आला तर पाडा, पण घाबरू नका. फंगस मात्र कडेला असला तरी नको, मॅक्रो लेन्समध्ये तर नकोच. भिंगं जास्त आणि गट सरकणारे, उघडून साफ केल्यावर पुन्हा जसंच्या तसं बसवणं सोपं नसतं.

मग लेन्स पुन्हा कॅमेऱ्याला लावा, अपर्चर एफ/१६ करून कॅमेऱ्यातल्या डेप्थ-ऑफ-फील्ड बटणानं (ते दाबलं की छिद्र खरोखर बंद होतं) पाती बघा. ती कोरडी हवीत, तेलाची चमक नको, आणि झटकन बंद व्हायला हवीत. लेन्स हलवल्यावर खुळखुळ आवाज आला तर लगेच नकार देऊ नका. स्टॅबिलायझर किंवा विजेवरची मोटर असलेल्या लेन्समध्ये वीज नसताना आतला गट मोकळा असतो. कॅमेरा सुरू केल्यावरही आवाज येत असेल, तेव्हा मात्र परत द्या. ऑटोफोकस करताना कुरकुर किंवा चिरका आवाज नको. बिलावरचा आणि लेन्सवरचा क्रमांक जुळवून बघा. नवीन घेताना जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा, थोडे जास्त पैसे गेले तरी.

पायरी ८ : बागेतली चाचणी

परत करण्याची मुदत असेल तर पहिल्याच सकाळी बाहेर पडा. लवकर गेलात तर किडे थंडीनं जड असतात आणि वाराही कमी असतो. पावसाळ्याच्या तोंडावर मृगाचे किडे निघतात. मखमली लाल रंग, संथ चाल, लेन्सच्या परीक्षेसाठी याहून सोशिक गिऱ्हाईक नाही. संत्र्याच्या बागेत पानांच्या मागे काळी माशी आणि कोवळ्या पालवीवर पाने पोखरणाऱ्या अळीची नागमोडी रेघ मिळेल. सपाट पानावरची ती रेघ फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत सारखी स्पष्ट येते का, हे बघा. एकच बाजू सतत मऊ येत असेल, पान समांतर ठेवूनही, तर आतलं भिंग तिरकं बसलंय. हा दोष हातात घेऊन कळत नाही, फोटोतच दिसतो.

हूडचं काय करायचं, याचा निकालही बागेतच लागतो. दाट फांद्यांत, लिंबाच्या काट्यांत हूड पुढच्या काचेला वाचवतं, पण कामाचं अंतर खातं आणि फ्लॅशचा उजेड अडवतं. मी १:१ला ते काढून ठेवतो आणि साधा संरक्षक फिल्टर लावतो. ज्या लेन्समध्ये पुढची काच खोल आत असते, जसं जुन्या ५५ मिमी मायक्रो-निकॉरमध्ये, तिथे हूडची गरजच पडत नाही.

बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाची) फवारणी नुकतीच झालेल्या बागेत शक्यतो जाऊ नका. गेलातच तर परतल्यावर आधी ब्लोअर मारा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी कापड. चुन्याचे कण पानांवरून उडून लेन्सवर बसतात. थेट कापडानं पुसलं तर कोटिंगवर चरे पडतात. लांब होणारी लेन्स असेल तर बॅरल बाहेर असतानाच तिचा नळीचा भाग पुसून घ्या. आत ओढल्यावर पुसाल तर धूळ आधीच आत गेलेली असते.

पायरी ९ : घरात ठेवताना कूलर लक्षात ठेवा

पावसाळ्यात लेन्स जपायची हे सगळ्यांना माहीत असतं. नागपुरात उन्हाळ्यातही तेवढंच जपावं लागतं, कारण घरोघरी कूलर. बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी कूलर लागलेल्या खोलीत भिंती ओल्या वाटतात, आणि कॅमेऱ्याची पिशवी बहुतेक वेळा त्याच खोलीच्या कपाटात असते. कातडी किंवा फोमची पिशवी ओल धरून ठेवते. ड्राय कॅबिनेट घेणं परवडत असेल तर उत्तम, आत ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा. डबा कूलरच्या खोलीत नको आणि माळ्यावर पत्र्याखालीही नको, तिथे उन्हाळ्यात ग्रीस वितळतं.

एसी गाडीतून जुलैच्या दमट हवेत उतरलात तर लेन्स लगेच बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. पिशवीची चेन बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत ती कधीच ठेवू नका. आणि महिन्यातून एकदा, वापरात नसली तरी, बाहेर काढून फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळा फिरवा, अपर्चर उघड-बंद करा, टॉर्चनं आत बघा. फंगस कोवळा असताना दिसला तर दुरुस्तीवाल्याकडे नेऊन वाचवता येतो. मुरल्यावर तो काचेचं कोटिंग खातो आणि मग त्या लेन्सला विकत घेणारा मिळत नाही.